नंबर लागेपर्यंत

रामनगरच्या नाक्यावर चहा घेत उभं राहिलं की अर्धा तास बरा जातो. खानापूर-लोंढ्याकडून येणारी गाडी इथूनच गोव्याला उतरते आणि अनमोड घाट चढून आलेली गाडी इथेच पहिला श्वास घेते. त्यात टँकर असले की मी त्यांच्या कुशीवरची चौकट वाचतो. जुनी सवय आहे. वर ३, वाय, ई, खाली १२०३, बाजूला ज्वाळेचं चित्र असलेला तिरका लाल चौकोन आणि संकटात कुठे फोन करायचा तो नंबर.

१२०३ हा पेट्रोलचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिलेला आकडा. डिझेलचा १२०२, रॉकेलचा १२२३, घरगुती गॅसचा १०७५. कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेत तोच. वरची तीन अक्षरं मात्र आग विझवायला येणाऱ्यांसाठी असतात. ३ म्हणजे फेस वापरा. नुसतं पाणी मारलं तर पेट्रोल त्यावर तरंगतं आणि आग पाण्याबरोबर गटारातून पुढच्या घरापर्यंत जाते. वाय म्हणजे श्वसनयंत्र लावा, सांडलेलं अडवून धरा, नाल्यात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. एवढा मजकूर तीन अक्षरांत बसवलाय.

हे सगळं मी शेजारच्या घरातल्या मुलाला सांगत होतो. वय सव्वीस, खडीचा टिपर चालवतो. त्याचा प्रश्न वेगळाच होता. "काका, गुजरातला ऑईलफिल्डवर ड्रायव्हर पाहिजेत म्हणे. पगार चांगला. जाऊ का?"

जा किंवा जाऊ नको, असं एका शब्दात सांगता येईना. आधी ऑईलफिल्ड म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागली. त्याच्या डोक्यात मोबाईलवर पाहिलेली अमेरिका होती. बर्फातून पळणारे चकचकीत ट्रक आणि डॉलर.

ती अमेरिका खरी आहे, पण तिचं कारण वेगळं आहे. नॉर्थ डकोटातल्या बाकन भागात २००८ नंतर खडक फोडून तेल काढायचं तंत्र जोरात आलं. एकेका विहिरीत भरमसाट पाणी आणि वाळू दाबाने सोडायची, म्हणजे खडकाला भेगा पडतात आणि तेल सुटतं. पाणी न्यायचं ट्रकने, वाळू ट्रकने, निघालेलं खारं पाणी परत न्यायचं ट्रकने. तेल नेण्यासाठी पुरेशा पाईपलाइनी अजून पडायच्या होत्या, म्हणून तेलही ट्रकने आणि रेल्वेने. दुसऱ्या राज्यांतून ड्रायव्हर धावत आले, विलिस्टन नावाच्या छोट्या गावात राहायला खोली मिळेना, लोक गाडीतच झोपू लागले. मग २०१४ च्या जूनमध्ये पिंपाला ११५ डॉलरच्या आसपास असलेलं तेल पुढच्या जानेवारीत ५० च्या खाली आलं आणि त्यातले बरेचजण आले तसे परत गेले.

आपल्याकडे तेल कमी आणि त्यातलं पुष्कळसं समुद्रात. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. महाराष्ट्राचं नाव तेलाशी जोडलं गेलं ते मुंबई हायमुळे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजावरून तिथे तेल लागलं. पण ते किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत. तिथे रस्ताच नाही. तेल आणि वायू समुद्राखालच्या पाईपातून उरणला येतात, माणसं हेलिकॉप्टरने जातात, सामान बोटीने. म्हणजे मराठी माणसाच्या सर्वांत जवळच्या तेलक्षेत्रावर ट्रक ड्रायव्हरला कामच नाही. आमच्या कर्नाटकात तेलाची विहीर नाही, शेजारच्या गोव्यातही नाही. जमिनीवरचं तेल हवं तर गुजरात, राजस्थान, आसाम किंवा आंध्र-तमिळनाडूच्या किनारपट्टीवर जावं लागतं.

गुजरातेत अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं, उत्तरेला मेहसाण्याच्या बाजूला नंतर. मेहसाण्याचं ऑईलफिल्ड म्हणजे कुंपण घातलेली एक जागा नव्हे. एरंडाच्या, मोहरीच्या शेतांमधून इथे एक विहीर, दोन किलोमीटरवर दुसरी. लोखंडी पंप दिवसभर मान खालीवर करत असतो. निघालेलं तेल पाईपातून गोळा करायच्या केंद्रात जातं. जी विहीर लांब पडली, जिचं तेल थोडं आहे, तिथे पाईप टाकणं परवडत नाही. तिथे टँकर लागतो. त्यात निव्वळ तेल क्वचितच असतं. तेल, पाणी आणि चिखल यांचं घुसळलेलं मिश्रण असतं. ते केंद्रावर न्यायचं, तिथे पाणी वेगळं करतात, मग ते पाणीही दुसऱ्या टँकरने हलवायचं. शिवाय एक विहीर खणून झाली की अख्खा रिग उतरवून कित्येक ट्रेलरांवर लादून पुढच्या जागी न्यायचा. ही कामं बहुतेक ठेकेदारामार्फत होतात. म्हणून मुलाला म्हटलं, तिथे तू हायवेवर मैलोन्मैल गाडी पळवणार नाहीस. शेताच्या कच्च्या रस्त्यावरून वीस किलोमीटर जाशील, वीस येशील, आणि बाकीचा वेळ रांगेत काढशील.

राजस्थानातल्या बाडमेरची गोष्ट त्याला जास्त आवडली. तिथलं मंगला हे क्षेत्र २००४ मध्ये सापडलं, उत्पादन २००९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. तेल उत्तम, पण मेणासारखं. चाळीस अंशांच्या आसपासही ते गोठायला लागतं. वाळवंटात उन्हाळ्याच्या दुपारी वाहील, थंडीच्या रात्री टाकीतच बसेल. म्हणून तिथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरची पाईपलाइन टाकली, तीही सगळ्या लांबीभर गरम ठेवलेली. ती तयार होईपर्यंत सुरुवातीचं तेल टँकरमध्ये ऊब राखून रस्त्याने न्यावं लागलं. पाईप पडला आणि ते काम आटोपलं. ऑईलफिल्डवरचं ड्रायव्हरचं काम पुष्कळदा असंच असतं, पाईप येईपर्यंतचं.

टिपर आणि टँकर यांत फरक काय, असं त्याने विचारलं. खडी भरली की खडी गप्प बसते. तेल गप्प बसत नाही. अनमोडच्या वळणावर टँकर डावीकडे वळला की आतलं तेल उजव्या अंगाला चढतं. गाडीचा तोल त्याच्याबरोबर बाहेर सरकतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत त्याला हलायला जागा नसते, रिकाम्या टाकीत हलायला काही नसतं. खरा धोका अर्ध्या भरलेल्या टाकीचा. ब्रेक मारला की तेल पुढे धावतं, गाडी थांबल्यावर क्षणभराने मागून ढकलल्यासारखा हिसका बसतो. आतल्या आडव्या भिंती आणि कप्पे हा हिसका मोडण्यासाठी असतात, पण आडवी भिंत पुढे-मागे धावणारं तेल अडवते, बाजूला चढणारं नाही. म्हणून मुरलेला टँकरवाला वळणाच्या आधीच वेग उतरवतो, वळणात ब्रेकला पाय लावत नाही. आमच्या घाटात उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडत उतरणारा टँकर दिसला की मागचे मोटारवाले हॉर्न मारतात. मारोत बापडे.

दुसरी गंमत तापमानाची, आणि तिचा संबंध थेट पगाराशी. पेट्रोल एक अंशाने तापलं तर हजार लिटरमागे साधारण एक लिटरने फुगतं. वीस हजार लिटरची गाडी. पहाटे भरली, दुपारी उन्हात दहा अंशांनी तापली, तर आत दोनशेएक लिटर 'वाढलं'. वाढलेल्याला जागा हवी म्हणून कप्पा कधी तोंडाशी भरत नाहीत, वर मोकळा गळा सोडतात. उलटं झालं, म्हणजे दुपारी तापलेलं तेल भरून थंडीच्या रात्री पंपावर खाली केलं, तर तेवढंच 'कमी' भरतं. कुणी एक थेंब चोरलेला नसतो. म्हणून पंपावर गाडी खाली करताना नुसती डिप मारून, म्हणजे पट्टी बुडवून, भागत नाही. हायड्रोमीटर बुडवून घनता बघायची, थर्मामीटर बघायचा आणि तक्त्यावरून ती घनता १५ अंशांवर आणून चलनाशी ताडून बघायची. ज्याला हे येतं तो ड्रायव्हर शॉर्टेजच्या नावाखाली कापलेल्या पैशांबद्दल मालकाशी बोलू शकतो. ज्याला येत नाही त्याचे कापले जातात. मी तर म्हणेन, गिअर टाकायला शिकण्याआधी हा तक्ता वाचायला शिकावा.

कच्च्या तेलाच्या बाबतीत डिप मारणं हेच मोठं जोखमीचं काम आहे. झाकण उघडलं की आत दाबून राहिलेले वायू एकदम तोंडावर येतात. अमेरिकेत २०१० ते २०१४ या वर्षांत विहिरीजवळच्या टाक्यांची झाकणं उघडून मोजमाप करताना किंवा नमुना घेताना किमान ९ कामगार दगावल्याचं तिथल्या कामगार-आरोग्य संस्थेने नोंदवलं. आग नाही, स्फोट नाही, माणूस झाकणापाशीच कोसळलेला. काही विहिरींतून सडक्या अंड्याच्या वासाचा वायूही येतो. तो जास्त झाला की आधी नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजणारा फसतो. झाकण उघडताना वाऱ्याकडे पाठ करून उभं राहू नये, वारा आडवा घ्यावा, एकट्याने चढू नये. ही अक्कल पुस्तकातली नाही, गमावलेल्या माणसांकडून आलेली आहे.

आता कागद. तेलाच्या गाडीवर बसायला साधं ट्रान्सपोर्टचं लायसन पुरत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नववा नियम सांगतो की धोकादायक माल नेणाऱ्या चालकाने मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं असावं आणि तशी नोंद लायसनवर असावी. शिवाय त्याला आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी. आमच्या मुलाला मराठी येते, शाळेत कन्नड झालं, घरात कोकणी. तिन्ही अनुसूचीत आहेत. अडतं ते इंग्रजीपाशी. पण कुशीवरची चौकट, सोबतचं सुरक्षापत्रक, तिथल्या गेटवरची सूचना हे वाचण्याएवढं इंग्रजी दोन महिन्यांत येतं, त्याला घाबरायचं कारण नाही. ट्रान्सपोर्टच्या लायसनची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षं झाली, पण धोकादायक मालाच्या चालकासाठी ती तीनच ठेवली. आठवी पासची जुनी अट मात्र त्याच वर्षी गेली.

लायसन देशभर चालतं, राज्य बदललं म्हणून नवं काढावं लागत नाही. दांडेलीचं केए-६५ गुजरातेत तितकंच खरं. गाडीचं तसं नाही. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तर तिथली नोंदणी लागते. आणि टँकरच्या टाकीला वेगळा परवाना लागतो, तो पेसो या केंद्रीय खात्याचा. तेल, स्फोटकं, गॅसच्या टाक्या यांची ही सगळी सूत्रं हलतात नागपूरहून, तिथे त्याचं मुख्यालय आहे. गाडीवर बसायच्या आधी त्या परवान्याची तारीख बघायची. मालक म्हणेल, ते माझं मी बघतो. बघू दे, आपणही बघावी. गाडी अडली तर रस्त्यावर आपण असतो, मालक नाही.

पत्त्याचा घोळ आमच्याकडे जरा निराळा आहे. तालुक्याचं जुनं नाव सुपा. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. उठलेल्यांपैकी बऱ्याचजणांची वस्ती या रामनगरात झाली. त्यामुळे आज्याच्या कागदावर सुपा, नातवाच्या आधारवर जोयडा. परराज्यात पोलीस पडताळणीला पाठवलेला कागद या दोन नावांत लोंबकळू नये म्हणून निघण्याआधी सगळीकडे एकच पत्ता करून घे, असं मी त्याला बजावलं. रेशनकार्डही बरोबर घे म्हटलं, आता त्यावर कुठल्याही राज्यात धान्य मिळतं.

परराज्यातल्या कामगारासाठी १९७९ पासून वेगळा कायदा होता. ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्याला पगाराच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता आणि प्रवासभाडं, असं त्यात लिहिलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या श्रम संहितेत मिसळला. आता आपणहून गेलेला कामगारही त्यात मोजला जातो, हे चांगलं झालं. गावी जाण्यायेण्याचं भाडं राहिलं, विस्थापन भत्ता गेला. आणि व्याख्येत महिन्याला १८ हजार रुपयांची मर्यादा आहे. सरकारने ती वाढवली नाही तर ज्या चांगल्या पगारासाठी मुलगा निघालाय, तो मिळाल्या मिळाल्या तो या व्याख्येच्या बाहेर पडणार. कायद्याचे असे विनोद ड्रायव्हर लोकांना फार लवकर समजतात.

पगाराचा हिशेब इथे मोडतो तो थांबण्यापाशी. महिन्याचा पगार थोडा ठेवतात, बाकी ट्रिपवर आणि भत्त्यावर. म्हणजे चाक फिरलं तर पैसा. आणि तेलाच्या धंद्यात चाक कमी फिरतं. भरायला रांग, मापाला रांग, कागदाला रांग, खाली करायला रांग. अमेरिकेतल्या नियमांतही ही अडचण मान्य केलेली दिसते. विहिरीपाशी खास गाड्या घेऊन ताटकळणाऱ्या चालकांसाठी तिथे थांबण्याचे तास वेगळे मोजायची सूट आहे. आपल्याकडे मोटार कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती घालून दिली होती. पण रांगेत केबिनमध्ये बसून काढलेली रात्र ड्युटी की विश्रांती, यावर मालक आणि ड्रायव्हर यांचं एकमत झालेलं मी तरी ऐकलं नाही. म्हणून कामाला लागण्याआधी विचारायचा प्रश्न पगार किती हा नसून 'थांबल्याचे किती' हा आहे. एक ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. पण एसीला इंजिन चालू हवं, आणि तेलाच्या आगाराजवळच्या रांगेत इंजिन बंद ठेवायचं असतं.

आणि थांबायचं कुठे, हाही प्रश्नच. १६ जुलै २०२४ ला आमच्याच जिल्ह्यात, अंकोला तालुक्यातल्या शिरूरला, डोंगर महामार्गावर कोसळला. रस्त्याकडेच्या हॉटेलापाशी ड्रायव्हर लोक नेहमी थांबत, त्या सकाळीही थांबले होते. एक गॅसचा टँकर गंगावळी नदीत वाहून गेला. मेलेल्यांत टँकर घेऊन आलेले तमिळनाडूचे चालक होते. केरळचा एक ड्रायव्हर लाकूड भरून परत निघाला होता. त्याची गाडी नदीच्या तळातून सप्टेंबरच्या २५ तारखेला बाहेर निघाली, तो आतच होता. ते लाकूड भरलेलं होतं आमच्या तालुक्यातल्या जगलबेटला. जगलबेट नाक्यापासून किती लांब, हे त्या मुलाला सांगायची गरज नव्हती. आपण ज्याला परराज्य म्हणतो तिथून आपल्याकडेही कुणीतरी कामाला आलेलं असतं.

त्याच वर्षीच्या पहिल्या दोन दिवसांत मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकरची चाकं थांबली होती. मुंबईहून पाईपने आलेलं तेल तिथून उत्तर महाराष्ट्रात टँकरने जातं, त्यामुळे तिकडच्या पंपांवर लगेच झुंबड उडाली. नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती, तिच्या विरोधात तो संप होता. सरकारने ते कलम तेव्हापासून बाजूला ठेवलंय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पळूच नये ना. भाषा न येणाऱ्या गावात, हजारो लिटर पेट्रोलवर बसलेला माणूस जमाव धावत येताना काय करेल, ते मला सांगता येणार नाही. मी मुलाला एवढंच सांगितलं की तिथे गेल्यावर गुजरातीत चार वाक्यं आधी पाठ कर. मी इथेच आहे, माझी गाडी इथे आहे, पोलिसांना बोलवा, आग लावू नका.

तो गेला. तीन दिवसांचं प्रशिक्षण इकडेच केलं, नोंद करून घेतली, मग गेला. तीन आठवड्यांनी रात्री साडेनवाला फोन आला. म्हणाला, काका, आज दिवसभरात एकच फेरी झाली, गाडी तिसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. माझ्यापुढच्या गाडीवर १२६७ लिहिलंय. कच्चं तेल, मी म्हटलं, तो नंबर आपल्या नाक्यावर कधी दिसत नाही.

"तुझा नंबर कितवा?"

"सातवा. दुपारपासून सातवाच."